समाधीचा साक्षी : नामदेवांचे चरित्र आणि ‘समाधी’ प्रकरणातील मृत्यू

संत नामदेवांचे चरित्र लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे आरंभीच एक विसंगती उभी राहते. ज्ञानदेवादी भावंडांचे चरित्र पद्यात प्रथम सांगितले ते नामदेवांनी. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ ही त्यांच्या गाथेतील तीन प्रकरणे वारकरी परंपरेतील चरित्रलेखनाचा उगम मानली जातात. (महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ याच शतकातले, पण ते गद्य आहे आणि त्याची वाट निराळी आहे.) दुसऱ्यांची आयुष्ये इतक्या आस्थेने नोंदवणाऱ्या या कवीच्या स्वतःच्या आयुष्याचा बराचसा भाग मात्र आख्यायिकांनी व्यापलेला आहे. या आख्यायिका एकत्र ठेवून पाहिल्या, तर त्यांचा एक विशेष लक्षात येतो. त्यांपैकी ज्या सर्वांत टिकाऊ ठरल्या, त्या मरणाभोवती रचलेल्या आहेत. आळंदीची समाधी, सुलतानापुढची मेलेली गाय, मंगळवेढ्याच्या कुसाखालच्या चोखोबांच्या अस्थी आणि शेवटी महाद्वाराची पायरी. ‘समाधी’ प्रकरणाकडे संजीवन समाधीचा पुरावा म्हणून पाहण्याची जी रीत कीर्तनात आणि पुष्कळदा वर्गाध्यापनातही रूढ झालेली आहे, ती या आयुष्याच्या संदर्भात तपासून पाहणे अगत्याचे ठरते. कारण अमरत्वाचा निर्वाळा देण्यापुरतीच ही कविता रचली गेली असती, तर तिच्यात एवढा आकांत असण्याचे कारण नव्हते.

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीस, म्हणजे इ. स. १२७० मध्ये झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई, कुळाचा व्यवसाय शिंप्याचा. जन्मस्थळाविषयी मतभेद आहेत. पंढरपूर आणि कऱ्हाडजवळचे नरसिंगपूर या गावांची नावे वेळोवेळी पुढे करण्यात आली. तथापि कयाधू नदीकाठच्या नरसी बामणी या गावाचा मान मराठवाड्याने कधी सोडला नाही. हे गाव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते, आता ते हिंगोली जिल्ह्यात आहे. नांदेड जिल्ह्याच्या नायगाव तालुक्यातील नरसी हे गाव वेगळे, एवढे येथे नोंदवले म्हणजे पुरे. पुढे हे कुटुंब पंढरपुरास स्थिरावले. राजाई ही पत्नी. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार पुत्र. गोदाकाठच्या गंगाखेडहून आलेली जनाबाई याच घरात दासी म्हणून वाढली आणि कवयित्री झाली. सगळे घरच अभंगरचनेत बुडालेले होते, असे परंपरा सांगते. त्यात अतिशयोक्तीचा भाग असेल. पण नामदेवांची कविता एकट्याने बसून लिहिलेली नाही, ती घरात, वाळवंटात आणि टाळकऱ्यांच्या मेळ्यात उच्चारली गेली, हे त्यामागचे सत्य पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

नामदेवांच्या पूर्वायुष्यातील निर्णायक प्रसंग तेर येथे घडल्याचे सांगतात. तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत तेर आणि लातूर एकाच जिल्ह्यात होते. गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाचे मस्तक मडक्यासारखे ठोकून पाहिले. इतर निमूट बसले. नामदेवांनी मात्र हरकत घेतली आणि ते कच्चे ठरले. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, तेव्हा देवानेही त्यांना गुरू करण्याचा सल्ला दिला. मग विसोबा खेचरांची भेट, पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा आणि ते पाय जेथे हलवावे तेथे पिंडी प्रकट होण्याचा चमत्कार. ही भेट औंढा नागनाथला झाली असे एक परंपरा सांगते, बार्शीला झाली असे दुसरी.

या आख्यायिकेचा रूढ अर्थ असा की नामदेव सगुणात अडकले होते, विसोबांनी त्यांना निर्गुणाची ओळख करून दिली आणि मडके भाजले गेले. हा अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही, पण अपुरा आहे. विसोबांच्या भेटीनंतरही नामदेवांच्या कवितेतला विठ्ठल बोलतो, रुसतो, जेवतो, रडतो. रूपाची आणि देहाची ओढ त्यांच्या रचनेतून कधी गेली नाही. कच्चे मडके पाझरते. कुंभाराच्या दृष्टीने तो दोष असेल. ‘समाधी’ प्रकरणाच्या कवीला मात्र त्या पाझराचाच उपयोग झालेला दिसतो. निर्गुणात पूर्ण मुरलेल्या मनाला आळंदीत रडण्यासारखे काही दिसले नसते.

ज्ञानदेव आणि नामदेव यांच्या सहवासाचा काळ फार मोठा नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशास पूर्ण झाली. त्यानंतर दोघांनी बरोबर तीर्थयात्रा केली, असे ‘तीर्थावळी’वरून समजते. यात्रेला निघताना पंढरपूर सोडावे लागणार म्हणून व्याकुळ झालेले नामदेव आणि त्यांच्या भक्तीचे मर्म जाणून घेऊ इच्छिणारे ज्ञानदेव, असे त्या प्रकरणाचे चित्र आहे. तत्त्वज्ञाने भक्ताला विचारावे आणि भक्ताने आपल्याजवळ नामापलीकडे काही नाही असे सांगावे, ही रचना कोणत्याही संप्रदायाच्या दृष्टीने सोयीची आहे. पण तिच्यात मैत्रीचा जो ओलावा आहे तो केवळ सोयीतून येत नाही. यात्रेहून परतल्यावर अल्पावधीतच ज्ञानदेवांनी समाधीचा निश्चय प्रकट केला. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, १२९६ मध्ये, आळंदीच्या सिद्धेश्वराजवळ ते समाधिस्थ झाले. तेव्हा त्यांनी विशीच नुकती ओलांडली होती. नामदेवांना सव्वीस वर्षे पूर्ण झाली होती.

‘समाधी’ प्रकरणाची मांडणी एखाद्या विवाहसोहळ्यासारखी आहे, ही गोष्ट वाचकाच्या लक्षात फार लवकर येते. आधी आज्ञा मागणे, मग पंढरपुराहून निघालेला समुदाय, त्यात प्रत्यक्ष विठ्ठल आणि रुक्मिणी, एकादशीचा जागर, द्वादशीचे पारणे आणि त्रयोदशीचा मुहूर्त. नामदेवांचे पुत्र समाधीची जागा झाडून स्वच्छ करतात. तुळस, बेल आणि दर्भाची शेज घातली जाते. ज्ञानदेवांचा एक हात निवृत्तिनाथ धरतात, दुसरा देव धरतो. आसनावर बसलेल्या ज्ञानदेवांपुढे ज्ञानेश्वरी ठेवली जाते. ते हात जोडतात, डोळे मिटतात. निवृत्तिनाथ बाहेर येतात आणि विवराच्या तोंडाशी शिळा बसवली जाते. हे सारे वर्णन विलक्षण संथ आहे. कोणी काय केले, कोण कोठे उभे होते, कोणी काय आणले याची नोंद कवी एखाद्या घरच्या माणसासारखी घेतो. शोकाच्या प्रसंगी माणसे कामात मन गुंतवतात. या कवितेतील तपशिलांचा आग्रह त्या जातीचा आहे.

या संथपणाला पहिला तडा जातो तो निवृत्तिनाथांच्या ठिकाणी. निवृत्तिनाथ हे मोठे बंधू, शिवाय गुरू. नाथपंथाची दीक्षा त्यांनीच ज्ञानदेवांना दिली. देह आणि आत्मा यांचा विवेक ज्यांच्याकडून ज्ञानदेव शिकले, तेच येथे कोसळतात. नामदेव त्यांच्या तोंडी ज्या उपमा घालतात त्या शास्त्रातल्या नाहीत, शेतशिवारातल्या आहेत. बांधलेले तळे फुटून पाणी वाट फुटेल तिकडे जावे, पेंढीचा आळा सुटून गवत माळावर पांगावे, आई नसलेली पाडसे ओस खोपीत राहावीत. आईवडिलांनी सोडून दिले त्या दिवशीही एवढे संकट वाटले नव्हते, असे निवृत्तिनाथ येथे सांगतात. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांचे देहान्त प्रायश्चित्त ज्याला ठाऊक आहे, त्या वाचकाला या वाक्याचे वजन समजावून सांगावे लागत नाही. चार अनाथ मुलांनी एकमेकांची पेंढी बांधली होती. आता तिचा आळा सुटला. पुढे काही महिन्यांतच सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी गेले. पेंढी पांगण्याची प्रतिमा अशी शब्दशः खरी ठरते. सोपानदेवांच्या आणि मुक्ताबाईंच्या वर्णनात कवीचा आवाज अधिक थकलेला जाणवतो, आणि मुक्ताबाई तर विजेच्या लोळात नाहीशा होतात. तेथे झाडायला जागा नाही, बसवायला शिळा नाही.

या शोकाचा अर्थ कसा लावावा, हा खरा प्रश्न आहे. एक उत्तर सांप्रदायिक आहे. संतांचा शोक हा लौकिकाला धरून केलेला व्यवहार होय, आतून ते अविचल होते, असे मानले की अडचण संपते. परंतु कवितेत या अर्थाला आधार सापडत नाही. अश्रू वरवरचे आहेत असे नामदेव कोठेही सुचवीत नाहीत. उलट देवालाच त्यांनी शोकात सामील करून घेतले आहे. ज्या विठ्ठलाने नामदेवांच्या हातचा नैवेद्य खाल्ला असे परंपरा सांगते, तो येथे उभा आहे, ज्ञानदेवांचा हात त्याच्या हातात आहे, आणि तरीही तो त्यांना थांबवीत नाही. त्याला तशी प्रार्थनाही निर्णायकपणे कोणी करीत नाही. देवाची उपस्थिती मृत्यूला अडवीत नाही, तो मृत्यू एकाकी होऊ देत नाही एवढेच, अशी या प्रकरणाची भूमिका दिसते.

ज्ञानदेवांचे स्वतःचे तत्त्वज्ञान याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात मृत्यूचे भय निःशेष काढून टाकणारे विवेचन आहे आणि आठव्या अध्यायात प्रयाणकाळाचे. जन्म आणि मरण हे भासमात्र, हा त्याचा गाभा. ते विवेचन करणाऱ्या ग्रंथाची प्रत समाधीत कर्त्यापुढे ठेवली आहे, आणि बाहेर त्या ग्रंथाचे पहिले श्रोते हंबरडा फोडत आहेत. नामदेवांनी ही दोन टोके जोडण्याचा प्रयत्न केला नाही. आत पूर्णत्व आहे आणि बाहेर रितेपण आहे. मध्ये एक शिळा आहे. ज्ञानदेवांच्या बाजूने पाहिले तर तेथे मरण नाही, नामदेवांच्या बाजूने पाहिले तर मरणाशिवाय काही नाही. कवीने ज्ञानदेवांच्या मिटल्या डोळ्यांसाठी मावळत्या सूर्याची प्रतिमा योजली आहे. सूर्य मावळतो म्हणजे नष्ट होत नाही, हे सर्वांना माहीत असते. अंधार मात्र तेवढ्याने कमी होत नाही.

या कवितेला अमरत्वाची कल्पना अमान्य आहे असा याचा अर्थ घेऊ नये. अमरत्वाची एक निश्चित व्यवस्था तिच्यात केलेली आहे, फक्त तिकडे लक्ष जात नाही. विठ्ठल ज्ञानदेवांना वर देतो तो तिथीचा. कार्तिक शुद्ध एकादशी पंढरीची, वद्य एकादशी आळंदीची. दरवर्षी त्या दिवशी माणसे जमतील, देवही येईल. देह टिकवण्याचे आश्वासन नाही, पुनर्जन्माचे नाही, जमण्याचे आहे. आळंदीची कार्तिकी वारी आजही चालते, आणि त्रयोदशीस समाधीचे कीर्तन होते तेव्हा श्रोते रडतात. सात शतकांपूर्वीच्या मृत्यूवर दरवर्षी पुन्हा रडता यावे, ही व्यवस्था ‘समाधी’ प्रकरणाने करून ठेवली आहे.

चांगदेवांच्या कथेशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. योगबळाने काळाला वारंवार चुकवून चौदाशे वर्षे जगलेला योगी अशी चांगदेवांची ख्याती. कोरे पत्र पाठवणारा हा योगी पासष्ट ओव्यांचे उत्तर मिळवतो आणि मुक्ताबाईंचा शिष्य होतो. मरण चुकवणाऱ्याला शेवटी विशीतल्या मुलांपुढे बसावे लागले, या कथेत नाथपंथातील कालवंचनेच्या आदर्शावरची वारकऱ्यांची टीका दडलेली आहे. चौदाशे वर्षांचे आयुष्य पुंताब्याच्या समाधीत संपले. एकवीस वर्षांच्या आयुष्याची वारी झाली.

ज्ञानदेवांनंतर नामदेव अर्धशतकाहून अधिक काळ जगले. या काळाची सलग हकिकत सांगता येत नाही. उत्तरेतील दीर्घ भ्रमण आणि पंजाबातील वास्तव्य हा त्यातला मोठा भाग. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्याची साक्ष देते. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा महाराष्ट्राला या नात्याची नव्याने आठवण झाली. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांतील भैरव रागातले एक पद मृत्यूविषयक आहे आणि ‘समाधी’ प्रकरणाच्या नेमके उलट बोलते. सुलतान नामदेवांना बांधून आणवतो आणि मेलेली गाय उठवून दाखवण्यास सांगतो. नामदेव तसे करण्याचे नाकारतात. घडते ते ईश्वराच्या इच्छेने घडते, ही त्यांची भूमिका. हत्ती अंगावर घातला जातो. आई रडत येते आणि धर्म सोडून जीव वाचवण्याची विनवणी करते, तीही नाकारली जाते. घटका मोजल्या जातात, अखेर हरी धावून येतो, गाय उठते, वासरू लावून दूध काढले जाते.

एकाच नावाशी जोडलेल्या या दोन रचना शेजारी ठेवल्या म्हणजे वाचक चक्रावतो. गाय उठवली जाते आणि ज्ञानदेव उठवले जात नाहीत. दोन भाषांतले दोन निराळे नामदेव, असे म्हणून प्रश्न मोडीत काढता येईल, आणि काही अभ्यासकांनी तो मार्ग धरलाही आहे. परंतु कर्तृत्वाचा वाद बाजूला ठेवला तरी दोन मरणांच्या जातीतला भेद उरतो. गाईचे मरण सत्तेने घडवलेले आहे, भक्ताला अपमानित करण्यासाठी ते पुढे मांडलेले आहे. तेथे मरणाशी झुंजणे म्हणजे जुलमाशी झुंजणे. ज्ञानदेवांचे मरण स्वेच्छेचे आहे. ते उलटवणे म्हणजे मित्राच्या इच्छेचा अव्हेर करणे झाले असते. अन्यायाचे मरण परतवावे आणि स्वीकारलेल्या मरणाला हात धरून पोहोचवावे, असा विवेक या दोन रचनांतून मिळून दिसतो. तो कोणा एका कर्त्याने ठरवून केलेला असेलच असे नाही.

हा विवेक जेथे पुरा पडत नाही असे तिसरे मरण चोखामेळ्यांचे. मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना कूस कोसळले आणि त्याखाली मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. परंपरा हा प्रसंग शके १२६० च्या वैशाखातला, म्हणजे १३३८ मधला सांगते. नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यात कोणाचे हाड कोणते हे कसे ओळखावे? ज्या अस्थींतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी आख्यायिका आहे. येथे देवाने आधी धाव घेतली नाही. स्वेच्छेचा प्रश्नच नव्हता. ज्या जातीत जन्म झाला तिच्या वाट्याला आलेल्या कामात मरण आले. नामदेवांच्या हाती उरले ते हाडांना कान लावणे. आख्यायिकेतील चमत्काराचा भाग वगळला तरी सामूहिक मृत्यूतून एका माणसाची ओळख वेगळी काढण्याची धडपड शिल्लक राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्या ढिगाऱ्यांत आपली माणसे ओळखण्याचे काम ज्या प्रदेशाने केले, त्या लातूर-धाराशिव भागातील वाचकाला ही कथा निव्वळ भाविक कल्पना वाटणे कठीण आहे.

चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर बांधली गेली. समोर, पण बाहेर. जिवंतपणी ज्या दाराच्या आत जाता आले नाही, त्या दारासमोर मरणोत्तर जागा मिळाली. आणि त्या दारातून अस्पृश्य मानलेल्यांना आत जाण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. अमरत्वालाही गावकुसासारखी सीमा असते, हे या समाधीच्या जागेने जेवढे सांगितले तेवढे कोणत्याही अभंगाने सांगितलेले नाही. नामदेवांनी अस्थी आणल्या हे त्यांचे मोठेपण निर्विवाद. ते दार उघडू शकले नाहीत, हेही चरित्रकाराने सांगितले पाहिजे.

नामदेवांचा स्वतःचा अंत शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीस, १३५० मध्ये झाला. पंजाबातील परंपरा तो घुमानला झाल्याचे मानते, महाराष्ट्र पंढरपूर मानतो. महाद्वाराच्या पहिल्या पायरीखाली त्यांनी कुटुंबीयांसह समाधी घेतली, संतांच्या पायाची धूळ मस्तकी लागावी ही इच्छा त्यामागे होती, असे परंपरा सांगते. आळंदीच्या समाधीचे एवढे तपशीलवार वर्णन करणाऱ्या कवीच्या मृत्यूचे तसे वर्णन करणारा दुसरा नामदेव मात्र निघाला नाही. ज्ञानदेवांनी विवरात, एकांतात समाधी घेतली. नामदेवांनी रहदारीची जागा निवडली. गमतीची गोष्ट अशी की वारकरी त्या पायरीवर पाय ठेवीत नाहीत, तिला हात लावून नमस्कार करतात. नामदेवांची शेवटची इच्छा त्यांच्याविषयीच्या आदरामुळेच अपुरी राहिली.

मरणोत्तर आयुष्य माणसांना असते तसे ग्रंथांनाही असते, आणि येथे ज्ञानदेव व नामदेव यांची भाग्ये वेगळी झाली. आळंदीत अजानवृक्षाची मुळी ज्ञानदेवांच्या कंठाला लागली असून ती काढावी, असा दृष्टान्त एकनाथांना झाल्याची कथा प्रसिद्ध आहे. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठशोधन पुरे केले. कंठाची मुळी आणि पाठातले अपभ्रंश यांचा संबंध अध्यापकांना वेगळा सांगण्याची गरज नाही. संजीवन समाधीतला देहही, निदान कथेत, दुरुस्तीची वाट पाहत होता; आणि मुळी काढणारा हात संहितेच्या संपादकाचाच निघाला.

नामदेवांच्या गाथेला असा एकनाथ लाभला नाही. कीर्तनकारांनी, वह्या लिहिणाऱ्यांनी आणि नामा ही मुद्रा घेणाऱ्या पुढील कवींनी, ज्यांत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा ठळक आहे, या गाथेत भर घातली. ‘समाधी’ प्रकरणाची आजची भाषा तेराव्या शतकातली नाही, हे भाषाभ्यासक सांगतात ते खरे आहे. सप्तशताब्दीच्या निमित्ताने १९७० मध्ये महाराष्ट्र शासनाने गाथा प्रसिद्ध केली, त्यामुळे अभ्यासाला एक सामाईक प्रत मिळाली. कर्तृत्वाचा गुंता सुटला नाही. ख्रिश्चन नॉव्हेत्स्की यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात नामदेव हे नाव कीर्तनपरंपरेने मिळून सांभाळलेले सामूहिक कर्तृत्व म्हणून पाहावे, असे सुचवले आहे. ही भूमिका स्वीकारली तर ‘समाधी’वर ऐतिहासिक पुरावा म्हणून टाकला जाणारा भार कमी करावा लागतो. भावंडांच्या समाधीच्या तिथी, उपस्थितांची नावे, कोणी काय बोलले, यांवर कालनिर्णयाची इमारत उभारणे धोक्याचे आहे. कवितेच्या अर्थाला मात्र त्याने बाध येत नाही. एका मित्राने सुरू केलेल्या शोकात पुढच्या पिढ्यांनी आपला आवाज मिसळला असेल, तर तिथीच्या वराचा तो आपोआप घडलेला विस्तार होय. औशाच्या नाथ संस्थानाच्या चक्रीभजनात किंवा नांदेडच्या एखाद्या मठातल्या सप्ताहात समाधीचे अभंग उभे राहतात तेव्हा पाठभेदाचा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि त्या ठिकाणी तो विचारला जाऊही नये.

नांदेडपुरते पाहिले तर येथे नामदेवांचे मरणोत्तर चरित्र एका अनपेक्षित वळणावर पोहोचते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग बहादूरशहाच्या छावणीबरोबर गोदावरीकाठी आले. मारेकऱ्याच्या हल्ल्यानंतर ऑक्टोबरात त्यांचा येथेच अंत झाला, आणि यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, अशी व्यवस्था त्यांनी त्यापूर्वी केली. देह संपताना शब्दाला आसनावर बसवण्याची ही घटना आणि आळंदीत ज्ञानदेवांपुढे ठेवलेली ज्ञानेश्वरी यांत साम्य शोधण्याचा मोह होतो. पण आळंदीत ग्रंथ समाधीच्या आत गेला आणि नांदेडला तो बाहेर राहिला, हा फरक लहान नाही. महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, त्या स्थानी सचखंड हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. तेथे नित्य ज्या ग्रंथापुढे मस्तक टेकले जाते, त्यात नरसीच्या शिंप्याची ६१ पदे आहेत, १६०४ पासून अक्षरही न बदललेली. नरसी तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर. त्या अंतराच्या एका टोकाला गाय उठवणाऱ्या नामदेवांचा पाठ गोठलेला आहे. दुसऱ्या टोकाला, कयाधूच्या काठी, मित्राला उठवू न शकलेल्या नामदेवांचे अभंग दर एकादशीला थोडे वेगळे होऊन गायिले जातात.